वाचकांचे प्रश्न : रोपं चारशे, आई मात्र एकच

या महिन्यातली पत्रं लावत बसलो होतो तेव्हा दोन पत्रं योगायोगानं शेजारी-शेजारी आली. एक जांबोटीकडचं, देवराईबद्दल, आणि एक वडगावातून, लग्नाबद्दल. वरवर बघितलं तर एकाचं दुसऱ्याशी काही नातं नाही, पण उत्तर काढायला कागद घेतला आणि दोन्हीकडं आकडा तोच आला, एक अष्टमांश. म्हणून ती दोन आधी घेतो आणि जरा ऐसपैस घेतो, बाकीचे प्रश्न मागून.

प्रश्न : नमस्कार सर. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. गावच्या देवराईत पूर्वी गच्च झाडी होती, आता मधेमधे मोकळं पडलंय. आमच्या मंडळानं देवळामागच्या एका मोठ्या हिरड्याखालचं बी गोळा करून रोपं केली, चारशेच्या वर जगली. पावसाला सुरुवात झाली की लावायची असं ठरलं, तर फॉरेस्टमधले एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले एकाच झाडाचं बी लावू नका. झाड तर एक नंबर आहे, उंच, सरळ, कीड नाही. चांगल्या झाडाचंच बी घ्यायचं असतं ना? आणि एकाचं नको तर मग किती झाडांचं घ्यायचं ते तरी सांगा. — मंडळाचा एक कार्यकर्ता

उत्तर : दादा, चारशे रोपं जगली म्हणजे उन्हाळाभर कुणीतरी पाणी घातलंय, कुणीतरी गुरं हाकललीत, मला त्याचं फार कौतुक वाटतं, तेव्हा पुढचं वाचून रोपं टाकून बिकून देऊ नका. पण ते गृहस्थ बोलले ते खरं आहे.

झाडाकडं प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची एक बापाकडची, अगदी माणसासारखंच. बी धरताना आई त्यातली एकच देते, कुठली ते नाणं उडवल्यासारखं. तुमच्या चारशे रोपांचे बाप वेगवेगळे असतील, माश्यांनी कुठकुठल्या हिरड्यांचा पराग आणला असेल कुणास ठाऊक, पण आई एक. म्हणजे ही चारशेच्या चारशे एकमेकांची अर्धी भावंडं. आज त्यानं काही बिघडत नाही, रोपं छान वाढतील. बिघडायचं ते पुढच्या पिढीत, कारण ही मोठी होऊन फुलायला लागली की त्या मोकळ्या पट्ट्यात आजूबाजूला फुलणारी दुसरी झाडं कुठली, तर हीच, मग यांचा पराग यांनाच.

याचं मोजमाप कसं करतात ते बघा, सिवॉल राइट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९२२ साली ही रीत दिली आणि सातवीतलं पोरगंसुद्धा ती करू शकेल. जोडीतल्या एकापासून निघायचं, दोघांचा जो सामायिक पूर्वज असेल तिथपर्यंत वर चढायचं, दुसऱ्या बाजूनं जोडीतल्या दुसऱ्यापर्यंत उतरायचं, आणि वाटेत किती जण लागले ते मोजायचं, जोडीतले दोघे धरून. जितके जण तितक्या वेळा अर्धा घेऊन गुणाकार करायचा. तुमच्याकडं वाट अशी : एक रोप, त्याची आई, दुसरं रोप. तीन जण. अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, झाले १/८. म्हणजे या दोघांच्या बीमध्ये शंभरातल्या साडेबारा जागी दोन्ही प्रती एकाच हिरड्याच्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या असणार.

त्यानं काय होतं? प्रत्येक जिवाकडं काही ना काही सदोष प्रती असतातच, पण जोडीला दुसरी चांगली प्रत असली की दोष झाकून राहतो. तुमचा हिरडा उंच आहे, सरळ आहे, निरोगी आहे, तरी त्याच्यातही झाकलेले दोष असणार, डोळ्यांना दिसणार नाहीत. खाण तशी माती म्हणतो आपण, पण खाणीत खोलवर काय आहे ते वरून दिसत नाही. दोन्ही प्रती एकाच ठिकाणाहून आल्या की तो दोष उघडा पडतो, बी पोकळ निघतं, उगवण कमी होते, रोप खुरटतं, रोगाला लवकर बळी पडतं. आणि दुसरं म्हणजे सगळी झाडं एका वळणाची असली की एखादी कीड एकाला लागली की सगळ्यांना लागते, आपल्या भागात ऊस लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, बेणं म्हणजे त्याच उसाचं कांडं, पूर्ण फडात एकच ऊस हजारदा उभा असतो, म्हणून तर लाल कूज आली की अख्खी जात बाद होते. हापूसच्या कलमाचं पण तेच. ऊस, आंब्याचं आपण बघून घेतो, औषध मारतो, जात बदलतो, देवराईत कोण बदलणार?

आता किती झाडांचं बी घ्यायचं. समजा एखादी प्रत, म्हणजे रोगाला तोंड देणारी किंवा दुष्काळ सोसणारी, सगळ्या रानात शंभरातल्या पाच प्रतींमध्येच आहे. ती आपल्या गोळा केलेल्या बियाण्यात यावी असं वाटतं. एक प्रत उचलली तर ती नसण्याची शक्यता ०.९५. दोन उचलल्या तर ०.९५ गुणिले ०.९५. असं करत जा. एका झाडाकडं दोन प्रती, म्हणजे एकाच आईवर थांबलात तर ती प्रत तिच्याकडं नसण्याची शक्यता ९० टक्के. पाच झाडांत नसण्याची ६० टक्के. दहा झाडांत ३६ टक्के. आणि तीस झाडं झाली, म्हणजे साठ प्रती, की ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. परागातून थोडी भर पडते ती मी यात धरलेली नाही, म्हणजे प्रत्यक्षात चित्र याहून जरा बरं असेल, पण तीस हा आकडा लक्षात ठेवा, एकमेकांशी नातं नसलेल्या तीस आया. शंभरात एकच असलेली दुर्मिळ प्रत हवी असेल तर दीडशे झाडं लागतील, तेवढं गावाला जमायचं नाही आणि तेवढ्याची गरजही नाही.

तीस झाडं एका देवराईत सापडणार नाहीत हे मला माहितेय. मग शेजारच्या गावांना सोबत घ्या, तीन-चार देवराया मिळून करा, तुमच्या रोपांतली शंभर त्यांना द्या, त्यांची शंभर तुम्ही घ्या, रवळनाथाच्या राईतलं बी सातेरीच्या राईत गेलं म्हणून देव रागावणार नाहीत. बी घेताना दोन झाडांत शक्यतो ५० ते १०० मीटर अंतर ठेवा कारण शेजारची झाडं बहुतेक नात्यातली असतात. प्रत्येक झाडाचं बी सारखंच मोजून घ्या, एकाचं पोतंभर नि दुसऱ्याचं मूठभर असं केलंत तर वरचं गणित कोसळतं. शेतात एकटंच उभं असलेलं झाड टाळा, त्याला दुसऱ्याचा पराग मिळतोच असं नाही. आणि बी लांबून नका आणू, कणकुंबीच्या पावसात वाढलेलं आणि अथणीच्या कोरड्या रानात वाढलेलं, झाड एकाच नावाचं असलं तरी अंगवळण वेगळं. हिरड्याचं बी वाळवून ठेवता येतं, जांभूळ, फणस, आंबा यांचं तसं नाही, पडल्यावर थोड्याच दिवसांत पेरावं लागतं नाहीतर मरतं.

एक अजून. काही झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी असते, कोकणात जायफळ लावणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. अशा झाडांत नुसती संख्या मोजून फसायला होतं. नऊ माद्या आणि एक नर, झाडं दहा, पण हिशोब केला तर वंशाच्या दृष्टीनं ती जेमतेम ३.६ झाडांइतकीच. हिशोब असा, नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले एकूण झाडं.

आणि चारशे रोपांचं काय करायचं? वीस-पंचवीस देवराईत लावा, बाकी बांधावर, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, शेजारच्या गावांना. चांगली आहेत ती, एका जागी गर्दी करायची नाही एवढंच.

प्रश्न : माझं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे. आईचं माहेर धारवाडकडचं, घरात कानडी-मराठी दोन्ही चालतं. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न सख्ख्या मामेभावाशी झालंय, तिची दोन्ही मुलं एकदम छान आहेत. आता माझ्यासाठी आईच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या सख्ख्या मामाचंच स्थळ पुढं केलंय. आई म्हणते पोरगी घरातच राहील. माझी मैत्रीण म्हणते मुलांना त्रास होतो. आजी म्हणते आमच्यात आजवर कुणाला काय झालं? खरं काय ते आकड्यांत सांगा. — एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, आकड्यांत विचारलंत ते बरं झालं, कारण या विषयावर लोक एकतर घाबरवतात नाहीतर हसण्यावारी नेतात.

वर देवराईच्या उत्तरात जी रीत सांगितली तीच लावा. मामा, त्यांचे वडील म्हणजे तुमचे आजोबा, तुमची आई, तुम्ही. चार जण. अर्धा चार वेळा, १/१६. आजीकडून पण तशीच दुसरी वाट, अजून १/१६. बेरीज १/८. एका आईच्या बियांपासून उगवलेल्या दोन हिरड्यांचा जो आकडा तोच मामा-भाचीचा, मी मुद्दाम जुळवलेलं नाही, वाटेवरची माणसं मोजली की येतोच. तुमच्या बहिणीचं मामेभावाशी, तिथं वाटेत पाच जण लागतात आणि वाटा दोन, म्हणून १/१६, बरोबर निम्मा.

आता या १/८ चा अर्थ. समजा एखादा आजार असा आहे की दोन्ही प्रती सदोष असतील तरच होतो, आणि समाजात त्याची सदोष प्रत शंभरात एक आहे. नात्याबाहेर लग्न झालं तर दहा हजार बाळांत एकाला तो होईल. मामे-आतेभावंडांत दहा हजारांत सातेक. मामा-भाचीत तेराच्या आसपास. म्हणजे तेरापट झालं, ऐकायला भयंकर, पण त्याच वाक्याची दुसरी बाजू अशी की दहा हजारांतली ९,९८७ बाळं त्या आजारातून सुटली. म्हणून आजी म्हणतात ते खोटं नाही, एका घरात चार-पाच लग्नांत काहीच न दिसणं हे अगदी होण्यासारखं आहे. पण आजार एकच नसतो, असे शेकडो आहेत, जन्मतः बहिरेपणाचे काही प्रकार आहेत, रक्ताचे आहेत, चयापचयाचे आहेत, सगळ्यांची मिळून बेरीज होते. कुठल्याही जोडप्यात १०० पैकी दोन-तीन बाळांना गंभीर जन्मजात दोष असतो, सख्ख्या मामे-आते-चुलतभावंडांच्या लग्नात तो आकडा साधारण दुप्पट धरतात, मामा-भाचीत जनुकांचा वाटा त्याच्याही दुप्पट असल्यामुळं धोका आणखी वर.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात आहे ती महत्त्वाची, तुमच्या घरात हे पूर्वीपासून चालत आलंय. १/८ हा आकडा आजी-आजोबा एकमेकांचे कुणी नव्हते असं धरून काढलाय. ते स्वतःच मामे-आतेभावंडं असतील तर आकडा वाढतो, त्यांच्या आधी पण तसंच असेल तर आणखी वाढतो. म्हणून एक काम करा, मोठा कागद घ्या, आजीला शेजारी बसवा आणि तीन पिढ्या वरपर्यंत कोण कुणाचं कोण ते रेघा मारून काढा. लहानपणीच गेलेली मुलं, ऐकू न येणारी, बोलू न शकणारी, फिट येणारी, सारखं रक्त भरावं लागलेली, अशी कुणी असतील तर लिहा, आपल्याकडं ही नावं कुणी घेत नाही. तो कागद घेऊन मोठ्या मेडिकल कॉलेजातल्या जेनेटिक कौन्सेलिंग करणाऱ्या डॉक्टरांकडं जा. थॅलॅसेमिया या रक्ताच्या आजाराची सदोष प्रत आपल्याकडं आहे का हे साध्या रक्ततपासणीत कळतं, ती तर नात्यात लग्न असो नसो, लग्नाआधी प्रत्येकानं करून घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

आपला भाग या बाबतीत खरोखर सीमेवरचा आहे बघा. इरावती कर्वे यांनी भारतभरच्या नातेसंबंधांचा अभ्यास केला त्यात महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चालीरीतींमधला पट्टा म्हणून दिसतो, उत्तरेत नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत नात्यातलंच आधी बघायचं, आणि मधे आपण. मराठी घरांत मामाची मुलगी चालते, भाची सहसा चालत नाही. कानडी घरांत मोठ्या बहिणीच्या मुलीशी लग्न हे रीतीतलंच. बेळगावात दोन्ही रीती एकाच गल्लीत नांदतात, तुमच्या तर एकाच घरात. यात कुणाची रीत मागासलेली असं मी म्हणणार नाही, जमीन, माया, म्हातारपणीचा आधार, यामागं कारणं होती.

जातीतच पण नात्याबाहेर केलं की विषय संपला असंही नाही. २०१६ साली पार्थ मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांवरून दाखवलं की भारतात साधारण ७० पिढ्यांपूर्वी गटागटांतली लग्नं बंद होत गेली. त्याच्या पुढच्या वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जनुकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेतले के. थंगराज आणि इतरांचा अभ्यास आला, भारत आणि शेजारी देशांतले अडीचशेहून जास्त गट तपासले, त्यातले ८१ गट असे निघाले की त्यांचे मूळ पूर्वज फारच थोडे होते, फिनलंडच्या लोकांपेक्षा नि अश्केनाझी, म्हणजे मूळच्या युरोपातल्या, ज्यूंपेक्षाही थोडे, आणि हे दोन गट तर अशा आजारांच्या अभ्यासात जगभर उदाहरण म्हणून देतात. त्या ८१ मधले १४ गट तर दहा लाखांपेक्षा मोठे. आज लोक दहा लाख, पण मुळाशी आया मोजक्या, तुमच्या शेजारच्या पत्रातल्या हिरड्यांसारखंच झालं ना हे.

ताई, हे सगळं आकड्यांचं झालं. तुम्हाला स्वतःला ते स्थळ नको असेल तर नको म्हणायला आकड्याची गरज नाही, ते तुमच्या पत्रात कुठं लिहिलेलं नाही म्हणून मी आपणहून लिहितोय. आणि बहिणीला हे पान दाखवून घाबरवू नका, तिची मुलं ठणठणीत आहेत हीच तिच्यासाठी सगळ्यात मोठी माहिती.

प्रश्न : मुलगी एम.एस्सी. मॅथ्स झाली. आता म्हणते रिसर्च करणार, त्यात गणित पण, जंगलातली झाडं पण आणि माणसांची जनुकं पण. मला काही कळेना. गणितवाल्यानं गणित करावं, झाडाचं बॉटनीवाल्यानं बघावं. असं सगळीकडं हात घालून पुढं काही होतं का? — एक वडील, निपाणी

उत्तर : काका, तुमची काळजी कळते, पण वरची दोन उत्तरं वाचलीत तर निम्मं उत्तर मिळालं, तो १/८ कुठल्या विषयाचा म्हणायचा?

आणि आपल्या आसपासच्याच माणसांनी हे करून ठेवलंय. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातला, म्हणजे चोर्ला घाट उतरला की पलीकडं. मूळचे गणिती, पुण्याला फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, लोक त्यांना इतिहासकार म्हणून जास्त ओळखतात. १९४४ साली त्यांनी जनुकांवर एक शोधनिबंध लिहिला. गुणसूत्रावर जनुकं माळेतल्या मण्यांसारखी असतात, जवळचे मणी बहुतेक एकत्रच पुढच्या पिढीत जातात, लांबचे सुटे होतात, तर किती वेळा सुटे झाले यावरून दोन मण्यांतलं अंतर काढायचं. आधीचा जो हिशोब होता, हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाचा १९१९ सालचा, त्यात असं धरलं होतं की माळ एका ठिकाणी तुटून जोडली गेली तरी शेजारी परत तुटायला काही आडकाठी नाही. प्रत्यक्षात आडकाठी असते, आणि ती धरून कोसंबींनी सूत्र दिलं. ते आजही कोसंबींच्याच नावानं वापरतात, भातात वापरतात, निलगिरीच्या झाडांत वापरतात, माणसांत वापरतात. गणिताच्या एका मास्तरांनी पुण्यात बसून काढलेलं सूत्र.

दुसरे माधव गाडगीळ, पुण्याचे, जन्म १९४२. हार्वर्डला जाऊन पीएच.डी. केली ती गणिती परिसरशास्त्रात. १९७१ ला परत आले आणि वा. द. वर्तक या वनस्पतिशास्त्रज्ञांसोबत सह्याद्रीतल्या देवराया पायी फिरून बघितल्या, देवराईवर शास्त्रीय पद्धतीनं लिहिलं गेलं त्यातलं सुरुवातीचं काम ते. पुढं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत. आणि तिथंच न थांबता के. सी. मल्होत्रा या मानववंशशास्त्रज्ञांसोबत गवळी धनगरांचा अभ्यास, जे आपल्या खानापूरच्या रानात पण आहेत, आणि नंतर जनुकं, भाषा, अवजारं यांचे पुरावे एकत्र ठेवून भारतात माणसं कशी पसरली यावर काम. गणित, झाडं, माणसं, एकाच माणसाच्या कामात तिन्ही. सगळीकडं हात घातला असं त्याला कुणी म्हणालं नाही, कारण तिन्हीकडं प्रश्न एकच, पुढच्या पिढीत कोण किती आणि कुणाकडून येतं.

परदेशातलं सांगायचं तर रामानुजनचे हार्डी, शुद्ध गणितवाले, उपयोगाच्या गणितापासून लांब राहणारे. १९०८ साली त्यांच्यासोबत क्रिकेट खेळणाऱ्या पनेट या जीवशास्त्रज्ञानं एक शंका विचारली, प्रभावी गुण, म्हणजे एकच प्रत असली तरी दिसणारा, पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊन सगळेच तसे का होत नाहीत? हार्डींनी छोटंसं पत्र लिहून दाखवलं की लग्नं कशीही सरमिसळ होत असली तर प्रमाण आहे तसंच राहतं. त्याच वर्षी जर्मनीत वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरनं पण तेच काढलं होतं, म्हणून दोघांचं नाव लागलं. वरचं दहा हजारांत एक मी त्याच नियमानं काढलंय.

शिक्षणाचं म्हणाल तर बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेतलं परिसरविज्ञान केंद्र आणि एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था आहे, हैदराबादला सीसीएमबी, पुण्याला आयसर, झाडांचंच करायचं तर शिरसीला धारवाड कृषी विद्यापीठाचं फॉरेस्ट्री कॉलेज, आणि आपल्या बेळगावातच पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था आहे. नेटची परीक्षा द्यावी लागेल, ती तिला माहिती असणारच. तुम्ही एवढंच करा, लग्नासाठी दोन वर्षं थांबा.

प्रश्न : आमचं आडनाव आता फक्त आमच्याच घरात उरलंय. चुलत घराण्यांत सगळ्या मुली. आडनाव संपलं म्हणजे वंश संपला का? — शहापूर, बेळगाव

उत्तर : नाही संपला. मुलींच्या मुलांत तुमची जनुकं तितकीच जातात जितकी मुलांच्या मुलांत, आडनाव तेवढं जात नाही. पण आडनावं का संपतात हा प्रश्न फार जुना आहे आणि गंमत म्हणजे तो पहिल्यांदा असाच एका मासिकातल्या प्रश्नांच्या सदरात आला होता, १८७३ साली इंग्लंडमधल्या एज्युकेशनल टाइम्समध्ये गाल्टन या शास्त्रज्ञानं तो टाकला आणि वॉटसन या धर्मगुरूनं गणितानं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. सरासरी प्रत्येक पुरुषाला एकच मुलगा असं धरलं आणि कुणाला दोन कुणाला शून्य हे नशिबावर सोडलं, तर पहिल्याच पिढीत ३७ टक्के आडनावं थांबतात, तिसऱ्या पिढीपर्यंत ६३ टक्के. घराण्यात काही दोष असायची गरजच नाही, लोकसंख्या तेवढीच राहिली तरी हे होतं. हिरड्याचंही तसंच, आयुष्यभर हजारो बिया टाकतो, रान आहे तेवढंच राहिलं तर त्यातली सरासरी एकच मोठं झाड होते.

आईकडून आईकडं जाणारं पण एक असतं, माणसाच्या पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. बहुतेक फुलझाडांत पानातल्या हरितलवकाचा डीएनए पण आईकडूनच. त्यामुळं एखाद्या रानातल्या झाडांची पानं तपासून तिथं मुळात निदान किती वेगवेगळ्या आयांचे वंश आहेत याचा अंदाज काढता येतो.

प्रश्न : मी नववीत आहे, येळ्ळूर. माझे एकूण पूर्वज किती?

उत्तर : बाळा, आई-बाबा दोन, त्यांचे आई-बाबा चार, मग आठ, मग सोळा. दर पिढीला दुप्पट. वीस पिढ्या मागं गेलास की एका ओळीत १०,४८,५७६ जागा होतात, साधारण पाचशे वर्षं झाली ही, एका पिढीला पंचवीस वर्षं धरून. तीस पिढ्या, म्हणजे साडेसातशे वर्षं, तर १०७ कोटींच्या वर, आणि तेव्हा अख्ख्या जगात एवढी माणसंच नव्हती. मग? मग तेच तेच लोक परत परत त्या जागांवर येतात, कुणी आईकडून पणजोबा तोच बाबांकडून खापरपणजोबा. जोसेफ चँग या गणितज्ञानं १९९९ साली दाखवलं की दहा लाख लोकांचा गट कसलीही बंधनं न पाळता लग्नं करत असेल, तर साधारण वीस पिढ्या मागं असा एक तरी माणूस सापडतो जो आजच्या सगळ्या दहा लाखांचा पूर्वज असतो. खरी माणसं बंधनं पाळतात म्हणून प्रत्यक्षात जास्त मागं जावं लागतं.

वहीच्या पानावर चार ओळी आखून बघ, दोन, चार, आठ, सोळा, एकूण तीस चौकोन, आणि घरात विचारून नावं भर. किती भरले ते मला लिहून कळव. आजीला विचारायला बसशील तेव्हा तिच्या आईचं माहेरचं नाव आणि माहेरचं गाव आधी विचार, घरात लिहून ठेवलेल्या वंशावळीत ते बहुतेक सापडत नाही.